लक्ष्मी रस्ता कायमचा चालणाऱ्यांसाठी करायचा तर नेमकं काय काय करावं लागेल?

पेठेतला

नमस्कार मंडळी.

११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यात गाड्या बंद ठेवायची प्रथा २०२१ पासून सुरू झाली. त्या दिवशी रांगोळ्या, खेळ, फोटो, सगळं छान. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा दोन ओळींत लागलेल्या दुचाकी आणि मधे अडकलेली रिक्षा. कायमचा बंद करा म्हटलं की दुकानदार म्हणतात गिऱ्हाईक तुटेल, दुसरी बाजू म्हणते दुप्पट होईल. दोन्हीकडे आकडे नाहीत, आवाज मोठा.

मला तात्त्विक चर्चा नकोय. रस्ता किती रुंद लागतो, खोदकाम कुठल्या क्रमाने करायचं, दुकानात माल कसा येणार, दुचाकी कुठे जाणार, विसर्जन मिरवणुकीचं काय, आणि हे सगळं झाल्यावर आज जी दुकानं आहेत ती राहतील का, एवढ्यावर ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी लिहावं. काय फसतं ते आधी सांगितलंत तर उत्तम.

आडवाछेद

सुरुवात मोजणीपासून करा, आराखड्यापासून नको. आराखडा कुणीही सुंदर काढतो.

पहिली मोजणी गाड्यांची. रस्ता अलका चौकाच्या दिशेने एकेरी आहे, त्यामुळे नाना पेठ, रास्ता पेठेकडून डेक्कनला जाणारा माणूस काही न घेता इथून नुसता पार होतो. हे किती आहेत ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. टप्प्याच्या दोन टोकांना दोन माणसं बसवायची, प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. जी गाडी या टोकाला दिसली आणि पाच-सात मिनिटांत त्या टोकाला निघाली ती नुसती जाणारी. जी निघालीच नाही ती थांबायला आलेली. मंगळवार-बुधवारपैकी एक दिवस आणि एक रविवार, संध्याकाळी ५ ते ८, एवढ्याने चित्र उभं राहतं. नुसते जाणारे जास्त निघाले तर ते आजूबाजूच्या समांतर रस्त्यांवर जाणार आहेत, आणि तिथल्या चौकांचे सिग्नल आधी बदलावे लागणार आहेत. बाजीराव आणि शिवाजी रस्ता मात्र बंद होऊ शकत नाहीत. त्यामुळे 'कायमचा बंद रस्ता' म्हणजे प्रत्यक्षात या दोन रस्त्यांनी कापलेले तुकडे, हे डोक्यात ठेवून बोला.

दुसरी मोजणी उभ्या गाड्यांची. अर्ध्या अर्ध्या तासाने एक फेरी, फक्त शेवटचे चार आकडे. सकाळी साडेदहाला लागलेली दुचाकी संध्याकाळी सहाला तिथेच असेल तर ती गिऱ्हाइकाची नाही. मालकाची आहे नाहीतर सेल्समनची. बाजारपेठेच्या कुठल्याही रस्त्यावर अशा गाड्या बऱ्याच निघतात आणि व्यापारी संघाच्या बैठकीत नेमकं हेच कुणाला ऐकायचं नसतं.

आता रुंदी. हा रस्ता सगळीकडे सारखा नाही, म्हणून दर १० मीटरवर ओट्यापासून ओट्यापर्यंत टेप लावा. समजा एका जागी १२ मीटर मिळाले. माझी मांडणी अशी असेल: दुकानाला लागून १ मीटर (पायरी, शोकेससमोर उभं राहणारी माणसं), मग २.५ मीटर चालायची पट्टी, मग अर्धा मीटर गटार आणि दिव्याचे खांब, मधे ४ मीटर पूर्ण मोकळे, आणि पलीकडे पुन्हा तेच उलट क्रमाने. इंडियन रोड्स काँग्रेसचा १०३ क्रमांकाचा कोड चालायच्या पट्टीला कमीत कमी १.८ मीटर सांगतो, दुकानांच्या रस्त्याला २.५ आणि दाट बाजारपेठेत ४. गाड्या बंद असतील तर मधले ४ मीटरही चालणाऱ्यांचेच, पण त्यात बाक, कुंडी, कमान, 'आय लव्ह' वाली अक्षरं, काहीही कायमचं ठोकायचं नाही. अग्निशमनचा बंब तिथूनच येणार आहे.

कर्ब (पदपथाची उंच कड) ठेवायचा की सगळं एका पातळीत करायचं, यावर मी एका पातळीच्या बाजूने आहे, पण पावसाचं गणित जुळत असेल तरच. चालायच्या पट्टीला गटाराकडे १:५० उतार धरला तर ३.५ मीटरमध्ये ७० मिमी खाली जातो. मधल्या पट्टीचा अर्धा भाग २ मीटर, त्याला ४० मिमी. दुकानाचा उंबरा फरशीच्या वर निदान १५० मिमी हवा. इथेच गोम आहे. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढवून रस्ता इतका वर आलाय की जुन्या वाड्यांमधल्या काही दुकानांचे उंबरे रस्त्याच्या बरोबरीला आहेत. तिथे आहे त्यावर फरशी बसवली की पहिल्या वळवाला पाणी थेट गाद्यांवर. थर खरवडून रस्ता खाली घ्यायचा, आणि निविदेत हे वेगळं कलम म्हणून यायला हवं. नाहीतर ठेकेदार आहे त्यावरच काम उरकतो.

जमिनीखालचा

आडवाछेद यांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. असे प्रकल्प फसतात ते खालीच.

पेठांमध्ये नकाशावर आहे ते जमिनीत नसतं आणि जमिनीत असतं ते नकाशावर नसतं. दर १५-२० मीटरवर आडवा चर हाताने खणून पाहा, रस्त्याच्या पूर्ण रुंदीत, निदान दीड मीटर खोल. रडारचं यंत्र फिरवतात, ते फिरवा, पण एकमेकांवर आलेल्या पाइपांत ते गोंधळतं आणि प्लॅस्टिकचा बारीक पाइप त्याला नीट दिसत नाही. शिवाय पुण्यात पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाचे अवशेष पेठांखाली आहेत. जेसीबीने विटांचं बांधकाम उचललं आणि मग काम थांबलं, असं होऊ द्यायचं नसेल तर चर हातानेच.

क्रम खोलीप्रमाणे. सगळ्यात खाली ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाणी, मग महावितरणच्या केबल, आणि वर इंटरनेटवाल्यांसाठी रिकामे पाइप. प्रत्येक इमारतीचं नळाचं आणि ड्रेनेजचं कनेक्शन मुख्य लाइनपासून मीटरपर्यंत त्याच वेळी नवं करायचं, जुनं चालू असलं तरी. 'चालतंय ना, राहू दे' म्हणून सोडलेला गंजका जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप दोन वर्षांत फुटतो आणि नव्या फरशीत पहिला खड्डा पडतो तो त्याच्यासाठी. दर २५-३० मीटरवर रस्त्याला आडवे १५० मिमीचे दोन रिकामे पाइप टाकून ठेवा, दोन्ही टोकांना चेंबर. उद्या कुणाला केबल न्यायची असेल तर फरशी उचलावी लागू नये.

चर भरणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. १५० ते २०० मिमीचे थर, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. संध्याकाळी मुकादम घरी गेला की एका दमात मीटरभर माती लोटतात, वरून छान दिसतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर चराच्या रेषेत फरशी बशीसारखी खचते. थराथराचे फोटो टेप धरून मागा. फोटो नाही तर बिल नाही.

चालायच्या पट्टीला ६० मिमीचे पेव्हर ब्लॉक पुरतात. खाली मुरूम-खडी दाबून १०० मिमी पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट), त्यावर २५-३० मिमी वाळू. पीसीसीत दर दोनेक मीटरवर ५० मिमीचं भोक ठेवून त्यात बारीक खडी भरा, नाहीतर वाळूत पाणी साठून ब्लॉक डचमळतात. चालताना पायाखालून चिखलाची पिचकारी उडते ना, तिचं कारण हेच. मधल्या ४ मीटरला ६० मिमी नको. तिथे ८० किंवा १०० मिमी, एम-५० दर्जाचे (काँक्रीटच्या मजबुतीची प्रत), आणि दोन्ही कडांना पक्का काँक्रीटचा बंद. सांध्यात बारीक वाळूच भरायची. सिमेंटचं पाणी ओतलं की दिसायला घट्ट, पण पुढच्या दुरुस्तीत एकही ब्लॉक अख्खा निघत नाही.

ग्रॅनाइटचा आग्रह झाला तर खडबडीत पृष्ठभागाचा घ्या, गुळगुळीत नको. काळा तर अजिबात नको. पालख्या याच रस्त्याने जातात आणि वारकऱ्यांमध्ये अनवाणी चालणारे कमी नसतात.

काम कधी करायचं हा प्रश्न विचारलेला नाही, पण तोच सगळ्यात अवघड आहे. पावसाळ्यात खोदता येत नाही. गणपती, दसरा, दिवाळीत करता येत नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, म्हणजे साड्या आणि सोनं. जूनमध्ये शाळेचे गणवेश. मंदीचा खरा काळ म्हणजे पौष आणि पितृपक्ष. म्हणून साड्या-सराफीच्या दुकानांसमोरचं खोदकाम पौषात बसवायचं, गणवेशवाल्यांसमोरचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. एका वेळी ५०-६० मीटरच्या वर रस्ता उघडायचा नाही आणि तोही एकाच बाजूने. प्रत्येक दुकानाला १.२ मीटर रुंद, कठडा असलेली लोखंडी प्लेट. दोन फळ्या टाकून 'रस्ता दिला' म्हणणाऱ्याला दंडाचं कलम.

हमालपंचे

वरचं सगळं बरोबर, पण बाजारपेठेचा रस्ता मरतो तो मालावाचून. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी हा १.३ किलोमीटर टप्पा २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद. तिथे घाऊक व्यापार आहे, म्हणून रात्रीचा माल चालतो. लक्ष्मी रस्त्यावरचा धंदा किरकोळ. रात्री माल उतरवायचा तर दुकानदाराला माणूस थांबवावा लागतो आणि वर राहणाऱ्यांची झोप जाते. इथे सकाळी ७ ते १० हीच वेळ योग्य.

पण सगळा माल या वेळेत बसत नाही. कापडाचे गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोदामातून दिवसभर थोडे थोडे येतात. त्यासाठी आडव्या गल्ल्यांत, रस्त्याच्या तोंडापासून २०-२५ मीटर आत, छोट्या टेम्पोसाठी ठरलेल्या जागा हव्यात. २.२ बाय ५ मीटरची जागा छोट्या हत्तीला (टाटा एस) पुरते, टाटा चारशेसात टेम्पोला लांबी ७ मीटर धरा. तिथून पुढे हातगाडी. हातगाडीचं चाक लहान आणि कडक असतं, म्हणून गल्लीच्या तोंडाशी पायरी किंवा उघडी जाळी नको. गटाराची जाळी चालण्याच्या दिशेला आडवी बसवा, फट १२ मिमीच्या आत. चाकही अडकत नाही, चपलेची टाचही नाही.

तीन गाड्यांना वेगळी सवलत लागते आणि ती सुरुवातीलाच लेखी ठरवावी लागते. पहिली, एटीएमची रोकड गाडी. केंद्रीय गृह खात्याच्या नियमाप्रमाणे शहरात रात्री ९ नंतर एटीएममध्ये रोकड भरता येत नाही, त्यामुळे 'रात्री या' हे उत्तर चालत नाही. दुसरी, सराफांचा माल आणणारी गाडी. ती गल्लीत उभी करून सोनं हातगाडीवरून आणा असं कुणी सांगितलं तर हसतील. तिसरी रुग्णवाहिका आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची गाडी. वाड्यांत म्हातारी माणसं आहेत, डायलिसिसला जाणारी असतात. रहिवाशांना पास, वेग ताशी १०, आणि पास गाडीच्या नंबरावर, नावावर नाही. नावावरचा पास आठवडाभरात भाच्याकडे जातो.

दुचाकींचं गणित असं की ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद जागेत एक मोटार राहते किंवा पाच दुचाकी. रस्त्यावरची कार पार्किंग आधी काढा, दुचाकीची नंतर. हमालवाडा, मंडईजवळचं मिनर्व्हा आणि आर्यन ही वाहनतळं चालण्याच्या अंतरात आहेत. तिथे दुकानांतल्या नोकरांना मासिक पास स्वस्तात द्या आणि पास असूनही गाडी रस्त्यावर सापडली तर पास रद्द. महापालिकेत पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये मंजूर झालं आणि मग अडकलं, त्यामुळे 'धोरण येईल तेव्हा बघू' यावर विसंबू नका. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचं मंडई स्टेशन चालू आहे. स्टेशनच्या दरवाजापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंतचा पदपथ सलग नसेल तर रस्ता कितीही देखणा करा, माणूस दुचाकीवरच येणार. पहिले पैसे त्या जोडरस्त्यावर घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

गल्ल्यावरून

विक्रीच्या आकड्यांबद्दल एकच. ११ डिसेंबरच्या विक्रीची तुलना आदल्या वर्षीच्या ११ डिसेंबरशी करून कुणी काही सिद्ध करत असेल तर त्याला हात जोडा. २०२१ ला तो शनिवार होता, २०२२ ला रविवार, २०२३ ला सोमवार, २०२४ ला बुधवार. वर मुहूर्त दरवर्षी हलतात. तुलना करायचीच तर तारीख नाही, तिथी आणि वार बघून करा, आणि एका दिवसाची नाही, पूर्ण महिन्याची. किती बिलं फाटली आणि सरासरी बिल किती, हे दोन वेगळे आकडे ठेवा. गाड्या बंद झाल्या की बिलांची संख्या वाढते पण सरासरी खाली येते, असं बऱ्याचदा दिसतं: फिरायला आलेला माणूस रुमाल घेतो, बस्ता बांधायला आलेलं कुटुंब गाडी लावायला जागा शोधतं. एकाच आकड्यावर भांडत बसलात तर दोन्ही बाजू खऱ्या ठरतात.

भाडेपावती

दुकानं टिकतील का, या प्रश्नाकडे कुणी वळलेलं दिसत नाही म्हणून लिहितो.

पेठेतली बरीचशी जुनी दुकानं पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाडेहक्काची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, लागू ३१ मार्च २००० पासून. या भाडेकरूला भाडं वर्षाला ४ टक्क्यांच्या वर सहसा वाढवता येत नाही, त्यामुळे रस्ता चकाचक झाला म्हणून त्याला कुणी उठवत नाही. तो उठतो स्वतःहून, कारण रस्ता सुधारला की पागडीचा भाव चढतो आणि हक्क विकून उपनगरात मोठं दुकान घेणं परवडतं. कलम ५६ मुळे ही पागडी घेणं कायदेशीर आहे. त्याच्या जागी येते ती बहुतेक कंपनी. एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या, बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या यांना हा कायदा लागूच नाही, म्हणजे घरमालकाला बाजारभावाने भाडं मिळतं. एकदा ती जागा या चक्रात गेली की परत भांड्याच्या दुकानाकडे येत नाही.

कुठला धंदा जातो हेही ठरलेलं आहे. जड किंवा अवघड माल: पितळी भांडी, शिलाई मशीन, पंखे, गाद्या, हार्डवेअर. गिऱ्हाईक एवढं ओझं घेऊन पाचशे मीटर चालत नाही. येतो तो चालता चालता खपणारा माल: खाणं, इमिटेशन दागिने, मोबाईलचे कव्हर, सौंदर्यप्रसाधनं. साडी आणि सराफी मधल्या मधे राहते. त्यांना चालणारं गिऱ्हाईक आवडतं, पण आजीला दाराशी उतरवायची सोय हवी. बाजूच्या गल्लीत रिक्षा थांबायला दर दोनशे मीटरवर एक जागा दिली की त्यांचा अर्धा विरोध मावळतो.

जे दुकानदार लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) आहेत त्यांनी निविदा निघायच्या आधी करार नव्याने करून नोंदवून घ्यावा. मुदत लांब, वार्षिक वाढ आकड्यात लिहिलेली, आणि लॉक-इन (ठरलेल्या काळात करार मोडायचा नाही) दोघांनाही. खोदकामाच्या महिन्यांत भाड्यात किती सूट, हेही त्याच करारात. काम सुरू झाल्यावर हे मागायला गेलात तर घरमालकाकडे तोवर एखाद्या कॅफेवाल्याचा फोन येऊन गेलेला असतो.

वाडे पाडून नव्या इमारती होतात तिथे दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० ची रस्तारेषा (रस्त्याची ठरवलेली हद्द) त्या मिळकतीवर असेल तर इमारत मागे सरकते. ती सुटलेली जागा सार्वजनिक आहे, बिल्डरच्या शोरूमचं अंगण नाही. आणि तळमजल्याचं जोतं वर उचललं की पायऱ्या आणि तळघराच्या पार्किंगचा रॅम्प हमखास पदपथावर उतरतो. पायऱ्या प्लॉटच्या आत. पदपथ एका पातळीत सलग, गाडीने त्यावर चढून जायचं, पदपथाने गाडीसाठी खाली उतरायचं नाही. तिथे ब्लॉक ८० मिमीचे.

कॅफे आले की टेबलं बाहेर येतात. आडवाछेद यांच्या मांडणीतला दुकानालगतचा १ मीटर सोडून एक खुर्ची पुढे दिसली तर पहिल्या आठवड्यातच उचला. महिनाभर राहिली की ती वहिवाट होते.

पेठेतला

फार उपयोगी. तीन शंका राहिल्या. पथारीवाल्यांचं काय करायचं? एक दिवसाऐवजी प्रयोग किती दिवसांचा असावा, आणि आदेश कुणाचा लागतो? आणि विसर्जन मिरवणुकीबद्दल कुणीच धड लिहिलेलं नाही. मंडपांचे खड्डे नव्या फरशीत पडणार असतील तर सगळंच पाण्यात.

आडवाछेद

पथारीवाल्यांना उठवून रस्ता रिकामा करू, हे डोक्यातून काढा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. हलवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस लागते. निर्णय नगर पथविक्रेता समितीतून जातो, तिच्यात ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. व्यवहारात आराखड्यातच त्यांची जागा आखा: खांब आणि गटाराच्या ओळीला धरून, तोंड चालणाऱ्याकडे, पाठ मधल्या पट्टीकडे, एकाला १.५ बाय १ मीटर. गटारावर बसायला द्यायचं नाही, नाहीतर ते साफ कधीच होत नाही. चौकाच्या कोपऱ्यापासून १० मीटर कुणी नाही, तिथेच गर्दी अडते.

प्रयोगाचं म्हणाल तर एक दिवस म्हणजे सण झाला. लोक बघायला येतात, दुकानदार माल आदल्या रात्री भरून ठेवतो, पोलीस पुरेसे असतात. यातून काहीच कळत नाही. बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ असे सलग शनिवार-रविवार गाड्या बंद ठेवल्या होत्या, तेवढा काळ लागतोच. लोकांच्या सवयी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बदलायला लागतात. मी तर म्हणेन आठ आठवडे आणि त्यात आठवड्याचे मधले दिवसही. आदेश वाहतूक शाखेच्या उपायुक्तांचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली, 'प्रायोगिक तत्त्वावर' आणि हरकती-सूचना मागवून. महापालिकेचं नुसतं पत्र पुरत नाही, त्यावर पोलीस पावती फाडू शकत नाही.

आणि कुणीतरी जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो. तिथला रुंद पदपथ, बाक, मुलांच्या खेळण्याच्या जागा चांगल्या आहेत, पण तो रस्ता मुळात ऐसपैस आणि त्याला गाड्यांची एकेरी वाहतूक ठेवून पदपथ देता आला. इथे तो छेद बसवायला गेलात तर पदपथही अपुरा आणि रस्ताही अपुरा.

जमिनीखालचा

मिरवणुकीचं आराखड्यातच धरायचं, अपवाद म्हणून नाही. बेलबाग चौकापासून अलका चौकापर्यंत रथ, ट्रॅक्टर, जनरेटरच्या गाड्या आणि ढोल पथकं या मधल्या पट्टीवरून जाणार. म्हणून तिथे ८०-१०० मिमी सांगितलं. दिव्यांचे खांब बाजूच्या ओळीत, रस्त्यावर आडवी तार एकही नाही. सगळ्या केबल खाली गेल्याच आहेत, तर कुणाला नवी तार वरून टाकू देऊ नका. झाडं लावायची तीही त्याच ओळीत, खाली पाइप नसतील तिथेच, बुंध्याभोवती निदान १ मीटर माती उघडी. फांद्यांची खालची उंची देखाव्याच्या उंचीवरून ठरवा, कोडमधल्या २.२ मीटरवरून नाही.

मंडपासाठी खड्डे खणायची वेळच येऊ देऊ नका. मंडळांबरोबर बसून त्यांच्या मंडपाचे खांब नेमके कुठे येतात ते फरशीवर खडूने आखा. त्या प्रत्येक जागी १५० मिमी व्यासाचा, ६०० मिमी खोल लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये बसवा. खालचं टोक खडीत उघडं, म्हणजे पाणी मुरतं. बांबू किंवा वासा त्यात उभा करून पाचर मारली की झालं. वरचं झाकण फरशीच्या पातळीत, बिडाचं, आतून स्क्रूने बसणारं. सुटं झाकण ठेवलंत तर ते पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याकडे असेल, आणि पाय त्या भोकात जाईल तो नेमका पत्रकाराचा.

मिरवणुकीनंतर गटाराच्या जाळीत गुलाल, कागदाचे तुकडे आणि फुलं यांचा लगदा घट्ट बसतो. जाळी उचलता येणारी हवी, दर १० मीटरवर गाळ साठायची खोलगट कुंडी हवी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत साफसफाई. भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो.

शेवटी टोकाचे खांब, ज्यांना सगळे बोलार्ड म्हणतात. लोकांना वाटतं खांब लावले की गाड्या थांबल्या. चारचाकी थांबते. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर मोकळी फट द्यावीच लागते आणि स्कूटरचं हँडल ७० सेंटिमीटरचं. म्हणजे जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरही जाते, यावर खांबांत उपाय नाही. पहिले सहा महिने दोन्ही टोकांना आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी माणूस उभा करायचा पगार प्रकल्पाच्या खर्चात धरा. मधल्या ४ मीटरमधले खांब काढता येणारे घ्या, जमिनीतल्या नळीत बसणारे, एकाच किल्लीचे. किल्ल्या तीन: अग्निशमन दल, पोलीस चौकी, व्यापारी संघ. नळीत माती आणि गुलाल जाऊन खांब आतल्या आत धरतो. महिन्यातून एकदा उपसून ग्रीस लावायचं काम कुणाचं ते नावानिशी लिहून ठेवा. नाहीतर विसर्जनाच्या रात्री रथ समोर उभा आणि खांब निघत नाही, मग कार्यकर्ते ग्राइंडर आणतात.